बोटीवरचं सोवळं

बार्सिलोनाच्या बंदरात सामान तपासणाऱ्या बाईने माझी कडक भाकरी उचलली आणि पाकिटावरूनच नखाने वाजवून पाहिली. टक टक. मग शेजारच्याला बोलावलं. त्यानेही वाजवली. "ब्रेड, ब्रेड," नवरा उत्साहाने सांगत होता. पण त्या देशात पावाची जी काही कल्पना आहे, तिच्याशी हा ज्वारीचा पत्रा काही केल्या जुळेना. पाकीट सीलबंद आहे एवढं बघून त्यांनी शेवटी सोडलं. शेंगाचटणीचा पुडा मात्र दोघांनी आळीपाळीने हुंगला.

माझं माहेर सोलापूरचं. लहानपणी आमच्याकडे पोळी सणावारी, एरवी भाकरी. लग्न होऊन पुण्याला आले आणि दोन्ही वेळा पोळी सुरू झाली. मुलीचं बरं चाललंय याची ती खूण होती. त्यानंतर वर्षानुवर्षं माझं हिमोग्लोबिन काही वर येईना. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, खजूर झाले, "तुम्ही फार विचार करता" हेही ऐकून झालं. सत्तेचाळिसाव्या वर्षी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करायला लावली, पाठोपाठ एंडोस्कोपी, आणि उलगडा झाला: सीलिअ‍ॅक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन असतं. माझं शरीर त्याच्यावर तुटून पडतं, आणि त्या मारामारीत लहान आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव झडते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर औषध नाही. ही धान्यं जन्मभर बंद, एवढंच.

डॉक्टरांनी हे पाच मिनिटांत सांगितलं. नातेवाइकांना अजून पटायचं आहे. "एका घासाने काय होतंय?" हे तर पाठच झालंय. सत्यनारायण आला की मोठी पंचाईत. शिरा रव्याचा, रवा गव्हाचा, आणि प्रसादाला नाही म्हणणारी बाई एक तर नास्तिक, नाही तर शिष्ट. मी प्रसाद तळहातावर घेते, कपाळाला लावते आणि पर्समधल्या डबीत ठेवते. घरी आल्यावर तो नवरा खातो. त्याच्या खात्यावर सध्या दुप्पट पुण्य आहे.

त्यामुळे भूमध्य समुद्रातल्या बोटीच्या सहलीचं लेकीने ठरवलं, तेव्हा मला समुद्र दिसायच्या आधी पाव दिसले. आठ दिवस दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावर जगायचं, आणि मध्ये पळून जायला किनाराही नाही.

पहिला धडा बोटीत चढायच्या आधीच मिळाला. रांब्ला या रस्त्याजवळच्या एका लहानशा खानावळीत काउंटरवर तोर्तिया मांडून ठेवले होते. स्पेनमधला तोर्तिया म्हणजे मक्याची पोळी नव्हे. बटाट्याच्या कापा अंड्यात घालून केलेला, वीतभर रुंदीचा जाड पोळा. त्यात गव्हाचा कणही नसतो. पण तिथला म्हातारा ज्या सुरीने पाव कापत होता, तीच घेऊन माझ्या तोर्तियाकडे वळला. "सिन ग्लुतेन," मी घाईघाईने पाठ केलेलं बोलले. त्याने सुरी खाली ठेवली, खणातून दुसरी काढली, हात धुतले, आतून न कापलेला अख्खा तोर्तिया आणला आणि त्याची फोड माझ्यापुढे ठेवली. प्रश्न नाही, उसासा नाही, "बिचारी" असा चेहराही नाही. मी उगाचच तीन वेळा आभार मानले. माझ्या या वेडेपणाची त्याला गंमत वाटली असावी.

बोट कसली, कोथरूडमधल्या दोन-तीन सोसायट्या एकावर एक रचून पाण्यात लोटाव्यात तसा प्रकार होता. पहिल्या रात्री जेवणघरात काळ्या कोटातला मुख्य वाढपी टेबलाशी आला आणि चक्क गुडघ्यावर बसून, म्हणजे माझ्या डोळ्यांच्या पातळीला येऊन, त्याने विचारलं: डॉक्टरांचं निदान आहे, की अ‍ॅलर्जी, की आवड म्हणून खात नाही? बारा वर्षांत मला हा प्रश्न असा सरळ कोणी विचारला नव्हता. मी सांगितलं, त्याने लिहून घेतलं, विषय संपला. त्यानंतर रोज रात्री तो दुसऱ्या दिवशीचा मेनू घेऊन यायचा, मी खुणा करायची, आणि दुसऱ्या दिवशी माझं ताट झाकणाखाली, वर चिठ्ठी लावलेलं, सगळ्यांच्या आधी यायचं.

एका दुपारी प्रवाशांना बोटीचं स्वयंपाकघर दाखवतात, तिथे मी अर्थातच पहिल्या रांगेत. भाज्यांचा हिरवा पाट, कच्च्या मांसाचा लाल, आणि कोपऱ्यात भिंतीला टांगलेला जांभळा. तो आमच्यासारख्यांचा. त्याची सुरी वेगळी, पातेलं वेगळं, पास्ता उकळायचं पाणीसुद्धा वेगळं, आणि तिथे काम करणाऱ्याने हातमोजे बदलल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. मला आजी आठवली. आमच्या सोलापूरच्या वाड्यात ती सोवळ्यात असली की आम्हा पोरांनी तिच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही; काठीने वाळत घातलेलं लुगडं काठीनेच काढायचं. मी कॉलेजात असताना या सोवळ्यावर तिच्याशी कडाकडा भांडले होते, कारण त्या सोवळ्याची दुसरी बाजू म्हणजे खिडकीत उपडा ठेवलेला, कामाच्या बाईचा वेगळा कप. आता जवळजवळ चाळीस वर्षांनी मी स्वतःच सोवळ्यात जेवायला बसले होते. फरक एवढाच की इथे वेगळा कप माझा होता, आणि त्यासाठी कोणालाही दाराबाहेर बसावं लागत नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या बुफेत मात्र सोवळं पार धुऊन जायचं. पावाच्या चिमट्याने कोणी काकडी उचलतोय, केकचा चुरा फळांवर सांडतोय. ग्लुटेनमुक्त म्हणवायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. युरोपातही हाच नियम आणि आपल्याकडेही हाच. किलोत २० मिलिग्रॅम म्हणजे पोतंभर तांदळात चमचाभर कणीक. सूप दाट करायला मैदा असतो, सोया सॉसमध्ये गहू असतो, आणि बटाट्याच्या सळ्या ज्या तेलात तळतात त्याच तेलात पावाचा चुरा लावलेला मासाही पोहून गेलेला असतो. मी बुफेत केळं स्वतः सोलून खायची आणि खिडकीतून समुद्र बघायची.

आमच्या टेबलाचा वाढपी फिलिपिन्समधल्या इलोइलोचा होता. "नको" म्हटलं की "ओके, मॅडम" म्हणून ताट उचलायचा. पहिले दोन दिवस मला या सुखाने अगदी भरून आलं. आपल्याकडे नको म्हणायचं तर तीन फेऱ्या लढाव्या लागतात: पहिलं नको शिष्टाचाराचं, दुसरं लाजेचं, तिसऱ्याला कुठे समोरचा विचारात पडतो. इथे एका नकोत काम. तिसऱ्या दिवशी मात्र भात संपला, मी मान वर करून पाहिलं, आणि वाढायला कोणी आलंच नाही. पंगतीत वाढणारी काकू मला चक्क आठवली.

मार्सेयला जुन्या बंदराच्या काठावर सकाळी कोळणी मासे विकत होत्या, थेट होडीतून काढलेले, भाऊच्या धक्क्यासारखा आरडाओरडा करत. वर डोंगरावर सोन्याची मेरी बाळाला घेऊन उभी. गावची प्रसिद्ध माशांची आमटी मला बाद. तिच्याबरोबर भाजलेला पाव येतो आणि त्याला लावायच्या लाल चटणीतही बहुतेक वेळा पाव वाटलेला असतो. खट्टू होऊन चालत होते तेवढ्यात एका गाडीवर पिवळ्या चकत्या तळताना दिसल्या. पानिस. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून घोटायचं, थापायचं, गार झालं की कापायचं आणि तळायचं. अहो, ही तर पाटवडी! फक्त लसूण-खोबऱ्याची संगत सुटलेली. कढईत दुसरं काही तळत नाही हे गाडीवाल्याने मला वाकून कढई दाखवत पटवलं. कागदाच्या पुडीतून मी ती खाल्ली आणि नवऱ्याला एकही दिली नाही. त्याला सबंध गाव मोकळं होतं.

जेनोवात पाऊस होता. या शहरातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून साखरेची वाटी सहज द्यावी-घ्यावी. बंदरालगत सोत्तोरीपाच्या जुन्या कमानी आहेत. त्यांच्याखाली तळणीचा आणि समुद्राचा मिळून एक वास कायमचा मुरलेला. मी फारिनाताच्या शोधात होते. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल, बस. पीठ तासन्‌तास भिजत ठेवतात, वर येणारा फेस काढतात, मग कल्हई केलेल्या तांब्याच्या भल्या मोठ्या परातीत बोटभरसुद्धा जाड होणार नाही असं ओततात आणि लाकडाच्या भट्टीत ढकलतात. परात बाहेर येते तेव्हा कडा करपट, मध्यभाग लुसलुशीत, आणि वर तेलाचे बुडबुडे अजून फुटत असतात.

पहिल्या दुकानात मी "चेलियाका" एवढंच म्हटलं. मालकाने परातीकडे नेलेला हात मागे घेतला. "नो, सिन्योरा." त्याच भट्टीत फोकाच्चा भाजतात, आणि फोकाच्चा गव्हाचा. त्याने बोटाने भट्टी दाखवली, मग फोकाच्चा, मग दोन्ही हात पसरले. गिऱ्हाईक दारात, माल तयार, आणि दुकानदार विकायला नकार देतो! वर दुकानाबाहेर येऊन, पावसात भिजत, त्याने मला गल्लीच्या टोकाचं दुसरं दुकान दाखवलं, जिथे भट्टीत फारिनाताच भाजतात. एका घासाने काय होतंय, असं या माणसाला विचारावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दुकानात बाकावर बसून मी फारिनाता खाल्ला. खरं सांगायचं तर ते आपलं बेसनाचं धिरडं होतं, जरा श्रीमंतीत वाढलेलं, हिरवी मिरची माहीत नसलेलं. वर मिरपूड. दुकानदारीण आत गेल्यावर मी पर्समधून शेंगाचटणी काढली, तेवढ्यात ती परत आली. वास घेतला, बोट बुडवलं, ठसका लागला, हसली, आणि हातानेच "अजून" म्हणाली. उरलेली चटणी तिला देऊन आले.

जेनोवाचे लोक या पदार्थाची एक दंतकथा सांगतात. १२८४ साली मेलोरियाच्या आरमारी लढाईत त्यांनी पिसाचा पराभव केला. परत येताना वादळ झालं, तेलाची पिंपं आणि हरभऱ्याच्या पिठाची पोती उलटली, खाऱ्या पाण्यात सगळ्याचा लगदा झाला. दुसरं खायला नव्हतं. खलाशांनी तो लगदा उन्हात वाळवून खाल्ला आणि गावी येऊन भट्टीत भाजून पाहिला. खरं-खोटं समुद्राला ठाऊक. शतकानुशतकं गलबतांवर गव्हाची दगडासारखी बिस्किटं खाऊन लोक जगले, म्हणजे माझ्यासारखीचं काही खरं नव्हतं. पण हे एक गलबत तेवढं आमच्यासाठी उलटंपालटं झालं म्हणायचं.

परतताना औषधाच्या दुकानात शिरलो, नवऱ्याला डोकेदुखीची गोळी हवी होती. गोळ्यांच्या शेजारी सबंध एक कपाट: पास्ता, बिस्किटं, पाव, पिठं. सगळं ग्लुटेनमुक्त. इटलीत २००५ च्या १२३ क्रमांकाच्या कायद्याने सीलिअ‍ॅकची दखल घेतली आहे. निदान झालेल्याला या खाण्यासाठी सरकार दरमहा ठरावीक मदत देतं, आणि शाळा-इस्पितळांच्या भोजनालयांत मागितलं तर असं जेवण द्यावंच लागतं. माझ्यासाठी जे नखरे होते, ते इथे खोकल्याच्या औषधाशेजारी मांडून ठेवले होते.

त्या रात्रीपासून आमच्या टेबलावर तोरिनोच्या एक आजी आल्या, सोबत नात. आजींच्या ताटावरही झाकण! दोन सोवळ्याच्या बायका समोरासमोर. नात दुभाषी झाली. आजींची अडचण वेगळीच होती: चर्चमध्ये मिळणारी प्रसादाची चकती गव्हाचीच असावी लागते. पूर्ण ग्लुटेनमुक्त चकती धर्माला चालत नाही, नाममात्र ग्लुटेन ठेवलेली चालते; व्हॅटिकनने २०१७ साली हे पुन्हा स्पष्ट करून सांगितलं. आजी अशी चकती लहानशा डबीत घालून नेतात आणि पूजेआधी पाद्र्याच्या हाती देतात. मी पर्समधली माझी शिऱ्याची डबी काढून टेबलावर ठेवली आणि सत्यनारायण समजावून सांगितला. त्यांनीही त्यांची डबी काढली. त्यांची चांदीची, माझी स्टीलची. आजी इतक्या हसल्या की वाढपी पाणी घेऊन धावला.

नेपल्समध्ये फारसं सांगण्यासारखं घडलं नाही, मला ते आवडलं मात्र खूप. हॉर्न, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, फुटपाथवरून जाणाऱ्या स्कूटरी. पुण्याहून आलेल्या माणसाला परकं असं काही नव्हतंच. प्रशिक्षण घेतलेल्या हॉटेलांची यादी तिथली सीलिअ‍ॅक संघटना ठेवते, त्यातल्या एका ठिकाणी मी पिझ्झा खाल्ला. कड जरा भुसभुशीत होती. पण बारा वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याने माझ्या ताटातला तुकडा उचलला.

पालेर्मोच्या बालारो बाजारात पुन्हा हरभरा भेटला. पानेल्ले, म्हणजे तळलेल्या बेसनाच्या चौकोनी कापा. लोक त्या पावात घालून खातात, थेट वडापावच. मी पावाशिवाय मागितल्या. बदामाच्या लगद्याची हुबेहूब फळं केलेली असतात तिथे, अंजीर तर चिरा पडलेलं. ती दोन घेतली. सिसिलीत हरभऱ्याचा हा प्रकार अरबांच्या काळापासून आहे म्हणतात. मार्सेय, जेनोवा, पालेर्मो: तीन बंदरं, आणि तिन्हीकडे बेसनाने मला जेवू घातलं.

आणि त्याच रात्री मी आजारी पडले.

स्वयंपाकघरात एक सावंतवाडीचा मुलगा होता, गोव्यात हॉटेल मॅनेजमेंट शिकून बोटीवर लागलेला. स्वयंपाकघर पाहायला गेले तेव्हा आमचं मराठी ऐकून तो मागून आला होता. "काकी, रोज ह्या फिक्क्या कसा काय खातास? एक दिवस तुमका डाळ-भात करून हाडतंय." वरिष्ठांची परवानगी काढून, जांभळा पाट घेऊन, नवं पातेलं घेऊन त्याने खरंच तुरीची डाळ केली. झाकण उघडलं आणि फोडणीचा तो वास! सात दिवस नाक उपाशी होतं. मुलगा दाराशी उभा राहून बघत होता. "अजून घेवा," म्हणाला. आग्रह! मी तीन वाट्या खाल्ल्या.

पहाटे पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, आणि अंधारात पडल्या पडल्या लख्ख आठवलं: हिंग.

पुढचा सबंध दिवस समुद्र होता. मी केबिनमध्ये पडून होते आणि कुठूनशी ताज्या पावाची वाफ येत होती. डॉ. डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाची गोष्ट आठवत राहिले. त्यांचा गव्हावरचा संशय जुनाच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि त्यांच्या दवाखान्यातली माझ्याच आजाराची मुलं सुधारू लागली. पाव परत आला तशी पुन्हा ढासळली. १९५० मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. सगळं जग उपाशी असताना बरं होणाऱ्यांची आमची जात.

संध्याकाळी मुलगा हिंगाची डबी घेऊन आला. आईने गावाहून बांधून दिलेली, झाकणाला दोरा. बाजारातलं बहुतेक हिंग बांधानी असतं: खऱ्या हिंगाच्या जोडीला डिंक आणि पीठ, ते कुठे तांदळाचं, कुठे मैदा. आम्ही दोघांनी दिव्याखाली धरून डबीच्या बुडाशी असलेली बारीक इंग्रजी अक्षरं वाचली. गव्हाचं पीठ, दुसऱ्या क्रमांकावर. "काकी, हिंगात गहू असता?" त्याचे डोळे भरले. चूक त्याची नव्हती. बोटीच्या सामानातली प्रत्येक बाटली तिथे तपासून येते; ही डबी सामानातली नव्हती, घरची होती. आणि त्याच्यापेक्षा मला जास्त कळायला हवं होतं. पुण्यात मी गव्हाचं पीठ नसलेलं हिंगच वापरते. वास आला आणि विचारायचं राहून गेलं.

शेवटच्या रात्री त्याने पुन्हा डाळ आणली, जिरं-लसणाच्या फोडणीची. मी त्यात उरलेल्या कडक भाकऱ्या कुस्करल्या. त्याला खुर्चीवर बसायची परवानगी नव्हती, म्हणून त्याने उभ्यानेच दोन घास खाल्ले.

तेव्हा हे वाचून झालं की स्वयंपाकघरात जा, हिंगाची डबी उलटी करा आणि बुडाशी काय लिहिलंय ते वाचा. तुमच्याकडे पुढच्या रविवारी जेवायला येणाऱ्यांत कोणीतरी माझ्यासारखी असेल, आणि ती संकोचून विचारणार नाही.